घरचा कचरा आणि सिमेंटची भट्टी

आपल्या प्रत्येकाच्या घरातून रोज कचरा निघतो. केर काढला, भाजी चिरली, दुकानातून बिस्किटाचा पुडा आणला, की काहीतरी टाकाऊ उरतेच. पूर्वी हा कचरा परसातल्या उकिरड्यावर जाई. त्यात शेण असे, पाचोळा असे, चुलीतली राख असे. वर्षभरात त्याचे खत होई आणि ते शेतात पडे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ती म्हण झाली तेव्हा उकिरड्यावर प्लास्टिक नव्हते. प्लास्टिकची पिशवी बारा वर्षांनी काय, शंभर वर्षांनीही कुजत नाही.

मग या कचऱ्याचे करायचे काय? शहरांनी आजवर एकच उपाय केला. गावाबाहेर जागा पाहायची आणि तिथे नेऊन ओतायचे. मुंबईत देवनारला १९२७ सालापासून कचरा पडत आला. त्याचे डोंगर झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगरांना आग लागली. ती काही दिवस धुमसत होती. धूर इतका झाला, की महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी शहराच्या कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. विहिरींचे पाणी नासले, वासाने जेवण जाईना, असे त्यांचे म्हणणे होते. शहराने केर काढला आणि शेजाऱ्याच्या दारात लोटला, असाच तो प्रकार झाला.

याच कचऱ्यातला काही भाग सिमेंटच्या कारखान्यात जळण म्हणून वापरता येतो. आज जगात पुष्कळ ठिकाणी तो तसा वापरतात. आपल्या देशातही वापरू लागले आहेत. हे कसे होते, त्यात फायदा काय, धोका काय, आणि आपल्या घरातल्या कचऱ्याच्या डब्याशी त्याचा संबंध काय, ते आपण या पाठात पाहू.

सिमेंट कसे होते?

चुना कसा करतात हे आपल्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. चुनखडी भट्टीत भाजायची. मग कळीचा चुना मिळतो. तो भिजवून, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळला, की घर बांधायचा चुना तयार. मुंबईत चुनाभट्टी नावाचे रेल्वे स्टेशनच आहे.

सिमेंट हे चुन्याचेच धाकटे भावंड म्हणा ना! इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. तिकडे पोर्टलंड नावाचा बांधकामाचा दगड प्रसिद्ध होता. आपले सिमेंट त्या दगडासारखे दिसते, म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट असे नाव दिले. आजही पोत्यावर ते नाव छापलेले असते.

सिमेंटसाठी चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळतात. मग ते पीठ भट्टीत भाजतात. ही भट्टी उभी नसते, आडवी असते. पोलादाचा एक अवाढव्य नळा समजा. साठ-सत्तर मीटर लांब, आणि व्यास चार-पाच मीटर, म्हणजे आतून बैलगाडी सहज जाईल एवढा. आतून विटांचे अस्तर असते. नळा किंचित उतरता असतो आणि सावकाश फिरत राहतो. वरच्या टोकाने पीठ येते आणि फिरत फिरत खाली सरकते. खालच्या टोकाला मोठी ज्योत पेटलेली असते. त्या ज्योतीची उष्णता सुमारे २००० अंश असते. तिच्याजवळ येईपर्यंत पीठ सुमारे १४५० अंशांपर्यंत तापते आणि त्याच्या काळ्या-राखाडी गोट्या बनतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर थंड करून, त्यात थोडे जिप्सम घालून बारीक दळले, की सिमेंट झाले.

पाणी १०० अंशांवर उकळते. लोखंड सुमारे १५४० अंशांवर वितळते. यावरून या भट्टीची आंच किती, त्याचा अंदाज करा.

जळण किती लागते?

एवढी आंच फुकट मिळत नाही. त्यासाठी दगडी कोळसा जाळावा लागतो. किती, ते मोजून पाहू.

उष्णता मोजायला उष्मांक हे माप आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे एक उष्मांक. अन्नाविषयी बोलताना डॉक्टर ज्या उष्मांकाचे नाव घेतात, तोच हा.

सुधारलेल्या भट्टीतही एक किलो क्लिंकर भाजायला ७०० ते ७५० उष्मांक लागतात. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. ५० किलो क्लिंकर भाजायचे तर ३५,००० हून जास्त उष्मांक हवेत. एक किलो कोळसा ४,००० उष्मांक देतो असे धरले, तर जवळजवळ नऊ किलो कोळसा झाला. चीनच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त सिमेंट आपला भारतच करतो. तेव्हा साऱ्या देशाला मिळून किती कोळसा लागत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

१९७३ नंतर जगात तेल फार महागले. तेव्हा युरोपातले कारखानदार जळणासाठी इकडे तिकडे पाहू लागले. जुने टायर, लाकडाचा भुसा, सांडलेले तेल, जे जळेल ते भट्टीत घालून पाहिले. पुढे शहरातला सुका कचरा आला. जर्मनी देशाने तर जून २००५ पासून घरचा कचरा तसाच खड्ड्यात पुरायला बंदीच केली. त्यामुळे त्याची वाट लावणे भागच पडले. आज तिथल्या सिमेंट कारखान्यांना लागणाऱ्या उष्णतेपैकी दोन तृतीयांश उष्णता टाकाऊ मालापासून मिळते. आपला देश अजून पुष्कळ मागे आहे. पण सुरुवात झाली आहे. गोव्यात साळगावला २०१६ साली कचऱ्याचा कारखाना सुरू झाला. तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करतात. ज्याचा दुसरा काही उपयोग नाही असा सुका कचरा दाबून त्याचे गठ्ठे बांधतात. ते गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातात.

भट्टीच का? अंगणात का नको?

इथे कुणी विचारील, "जाळायचाच आहे ना? मग आम्ही अंगणातच पेटवतो. एवढा उपद्व्याप कशाला?"

याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण यात आपल्या मुलाबाळांच्या छातीचा प्रश्न आहे.

अंगणातल्या जाळाची आंच मंद असते. वरचे पेटते, खालचे नुसते धुमसते. प्लास्टिक असे अर्धवट जळले, की त्यातून विषारी धूर निघतो. काही प्लास्टिकमध्ये क्लोरीन असते. ते धुमसले, की डायॉक्सिन नावाचे जहर तयार होते. ते दिसत नाही, त्याचा वासही कळत नाही. पण ते मातीत, चाऱ्यात, दुधात उतरते आणि अंगात साठून राहते. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरण्याची खोड पुष्कळ घरांत आहे. आमचे कळकळीचे सांगणे आहे की ती खोड सोडा. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल, दोघेही तो धूर ओढतात.

सिमेंटच्या भट्टीत काय होते पाहा. तिथे कचऱ्याचे जळण दोन जागी घालतात. अगदी बारीक, कोरडा चुरा मोठ्या ज्योतीत फुंकतात. जरा मोठे तुकडे भट्टीच्या आधी असलेल्या एका उभ्या कोठीत घालतात. तिथे चुनखडी भाजायची असते, म्हणून सुमारे ९०० अंश उष्णता सतत ठेवावी लागते. हवा भरपूर असते. निघालेला वायू त्या धगीत काही सेकंद राहतो. त्यामुळे जळायचे ते पुरते जळते. शिवाय भोवती चुन्याची भुकटी उडत असते. आंबट पदार्थाने पोटात जळजळ झाली तर सोडा घेतात, तसा चुना आम्ल वायूंना धरून ठेवतो.

आणि राख? ती कुठे जाते? कचरा जाळून वीज करणारे कारखाने असतात. तिथे राख उरते आणि ती टाकायला पुन्हा जागा शोधावी लागते. सिमेंटच्या भट्टीत राख क्लिंकरमध्येच मिसळून जाते. टाकायला काही उरत नाही. ही या भट्टीची खास गोष्ट आहे.

ओल्यापायी सुके वाया

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी म्हण आपण ऐकतो. कचऱ्याच्या डब्यात मात्र उलटे होते. ओल्याबरोबर सुकेही वाया जाते. ते कसे, ते पाहू.

एक लिटर पाण्याची वाफ करायची, तर आधी ते उकळीपर्यंत तापवायला सुमारे ७० उष्मांक आणि मग वाफ व्हायला आणखी ५४० उष्मांक लागतात. म्हणजे ६०० हून जास्त. आता भाजीची देठे, उष्टे अन्न, चहाचा चोथा आणि पिशव्या एकाच डब्यात टाकल्या. त्या एक किलो कचऱ्यात अर्धा किलो पाणी असले, तर ३०० उष्मांक नुसते पाणी आटवण्यातच गेले. भट्टीला उष्णता द्यायची सोडून असा कचरा तिचीच उष्णता खातो. ओले लाकूड चुलीत घातले तर काय होते, हे घरातल्या बाईला सांगायला नको.

शिवाय उष्ट्या अन्नात मीठ असते. मिठात क्लोरीन असते. ते जास्त झाले, की भट्टीच्या वाटेत पुटे चढतात. धुराच्या नळीत काजळी धरावी तशी ती धरतात आणि वाट तुंबते. मग भट्टी बंद करून ती फोडून काढावी लागतात. पीव्हीसीच्या नळ्यांचे आणि कापडांचेही तेच. म्हणून कारखानदार येईल तो कचरा घेत नाहीत. तो किती कोरडा आहे, किती उष्मांक देतो, क्लोरीन किती, हे तपासतात आणि मगच गाडी आत घेतात.

म्हणजे आधी कचऱ्याचे जळण तयार करावे लागते. गाडीतला कचरा चाळायचा. माती, दगड, काच काढायची. चुंबकाने लोखंड काढायचे. मग उरलेले वाळवायचे, कापून तुकडे करायचे आणि दाबून गठ्ठे बांधायचे. हे सारे करायला पैसा लागतो. मिसळलेला ओला कचरा असेल तर खर्च दुप्पट होतो आणि माल तरीही हलकाच निघतो. पण घरातच ओले आणि सुके वेगळे ठेवले, तर यातले अर्धे काम फुकटात होऊन जाते. तेव्हा सिमेंटच्या भट्टीचे जळण आधी आपल्या ओट्याखालच्या डब्यात तयार होते, हे ध्यानात ठेवा.

सरकारनेही हे ओळखले आहे. २०१६ साली केंद्र सरकारने कचऱ्याचे नियम केले. किलोमागे १,५०० किंवा त्याहून जास्त उष्मांक देणारा आणि पुन्हा वापरता न येणारा कचरा खड्ड्यात पुरू नये, असे त्यांत सांगितले होते. १,५०० उष्मांक म्हणजे किती? थोडीही उष्णता वाया गेली नाही, तर तेवढ्यात एकवीस लिटर पाण्याला उकळी येईल. एवढी उष्णता मातीत का गाडायची? १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत घरातच कचऱ्याचे चार भाग करायला सांगितले आहे. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सिमेंट कारखान्यांनी कचऱ्याच्या जळणाचा वाटा सहा वर्षांत शंभरात पाचांवरून पंधरांवर न्यायचा आहे.

सगळेच भट्टीत नको

पण भट्टी मिळाली म्हणून दिसेल ते तिच्यात लोटायचे, हेही शहाणपण नव्हे. जाळणे हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी खताची. ओला कचरा खड्ड्यात किंवा कुंडीत कुजवला तर खत होते. ते मातीचे धन आहे. ते मातीलाच मिळावे.

दुसरी पायरी भंगाराची. कागद, पत्रा, काच, चांगले प्लास्टिक यांना बाजारात मोल आहे. ते पुन्हा वितळवून, लगदा करून वस्तू होतात. या कामावर हजारो गरीब माणसांची पोटे चालतात. त्यांत बायका पुष्कळ आहेत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली. त्यातूनच पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि ती घरोघरचा कचरा गोळा करू लागली. मोल असलेला मालही गठ्ठ्यात बांधून भट्टीकडे पाठवला, तर या माणसांची भाकरीच भट्टीत गेली असे होईल. तेव्हा आधी त्यांचा वाटा, मग भट्टीचा.

या दोन पायऱ्यांनंतर जे उरते, ते भट्टीचे. मळकी फाटकी पिशवी, बिस्किटाचे आणि वेफर्सचे चकचकीत वेष्टन, चिंध्या, तुटलेली रबरी चप्पल, असल्या वस्तू भंगारवालाही घेत नाही. त्यांना भट्टीची वाट बरी.

आणि काही वस्तू कोणत्याच जाळात जाता कामा नयेत. फुटलेली ट्यूबलाइट, ताप पाहायची जुनी काचेची नळी, संपलेले सेल, उरलेली औषधे, कीटकनाशकांचे डबे. ट्यूबलाइटमध्ये आणि त्या नळीत पारा असतो. पारा क्लिंकरमध्ये टिकत नाही, वाफ होऊन धुराड्यातून हवेत जातो. म्हणून या वस्तू वेगळ्या बांधून विशेष काळजीच्या कचऱ्यात द्याव्यात.

धोक्याचीही गोष्ट सांगतो

आम्ही या उपायाची नुसती तारीफ करणार नाही. त्याची दुसरी बाजूही वाचकांना कळली पाहिजे.

एक. कचऱ्याचे जळण वापरले म्हणून सिमेंटचा कारखाना निर्दोष होत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा वायू दगडातून निघतो. जळण कोणतेही असो, तो निघणारच. पृथ्वीचा ताप वाढवणाऱ्या वायूंत तो मुख्य आहे. प्लास्टिकही तेलापासून होते. ते जळले की हाच वायू निघतो. कोळसा वाचतो, डेपोवर कुजून होणारे वायू कमी होतात, एवढा फायदा खरा. त्याहून जास्त सांगू नये.

दोन. भट्टीची आंच नीट राखली नाही, गाळण्या बिघडल्या, तर धूर वाईटच. म्हणून कचरा जाळणाऱ्या सिमेंट कारखान्यांना सरकारने २०१६ साली वेगळी मर्यादा घालून दिली. एक घनमीटर धुरात डायॉक्सिन एका नॅनोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असता कामा नये. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग! पण नियम कागदावर राहून भागत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर इथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. अशा गावांतल्या लोकांना धुराची मोजणी मागण्याचा हक्क आहे. कारखान्याने ती उघड दाखवावी. शहराचा कचरा जाळायचा आणि धुराची काळजी खेड्याने करायची, हा न्याय नव्हे.

तीन. अंतराचा प्रश्न. पुण्याहून चंद्रपूर सहाशे किलोमीटरांहून जास्त लांब आहे. गठ्ठे बांधले तरी कचरा हलका आणि फुगीरच. तो एवढ्या लांब न्यायला गाडीभाडे आणि डिझेल किती लागेल? म्हणून ज्याच्या जवळ कारखाना, त्यालाच हा उपाय परवडतो. बाकीच्यांनी कचरा मुळात कमी कसा होईल, हे आधी पाहावे. बाजारात जाताना कापडी पिशवी नेली, तर जी पिशवी घरात आलीच नाही ती जाळावीही लागत नाही.

आपण काय करायचे?

भट्टी आपल्या हातात नाही, पण डबा आहे. घरात निदान दोन डबे ठेवा. एक ओल्याचा, एक सुक्याचा. दुधाची पिशवी एकदा पाण्याने विसळा आणि वाळवून सुक्यात टाका. वापरलेले पॅड आणि लहान मुलांचे लंगोट कागदात गुंडाळून निराळे द्या. ते हाताळणारी माणसे आपल्यासारखीच आहेत. सेल, औषधे, फुटकी ट्यूबलाइट यांसाठी एक खोके बाजूला ठेवा. घंटागाडीवाला सारे एकत्र ओतत असेल, तर चार शेजारी मिळून त्याला थांबवा आणि वॉर्डात जाऊन विचारा. एकट्याचे कुणी ऐकत नाही, वस्तीचे ऐकावे लागते. आणि काही झाले तरी प्लास्टिक दारात पेटवू नका.

हे एका घराने केले तर फरक दिसणार नाही. एका आळीने केले तर घंटागाडीवाल्याला दिसेल. एका गावाने केले, तर गावाबाहेरचा ढीग वाढायचा थांबेल, आणि त्या ढिगाशेजारी राहणाऱ्या माणसांना खिडकी उघडून जेवता येईल.